बालवर्गातील खुळखुळा

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या सभेत धर्मगुरूने उभे राहावे आणि खुळखुळ्यावर बोलावे, हे ऐकून तुमच्यापैकी कित्येकांस हसू येईल. मंदिराची उभारणी, जुन्या धर्मगुरूंचे कष्ट, शाळेची वाढ असे भारदस्त विषय या प्रसंगास शोभतात, आणि त्यांविषयी इतर वक्ते तुम्हांस सांगणारच आहेत. आम्ही हा लहानसा विषय घेतला, त्यास कारण आहे. गेल्या सभेत एक सूचना पुढे आली, ती अशी की, बालवर्गाचा संगीताचा अर्धा तास बंद करावा आणि तो वेळ इंग्रजी अक्षरे गिरविण्यास द्यावा. सूचना करणाऱ्या पित्याने सरळ मनाने आम्हांस विचारले, "फादर, डब्यात डाळ घालून हलविण्यास शाळा कशाला हवी? ते तर मूल पाळण्यातच शिकते."

त्या दिवशी आम्ही उत्तर दिले नाही. कारण काही वर्षांपूर्वी आम्ही स्वतः याहून कठोर बोललो होतो. आज उत्तर देतो, परंतु आधी आमची कबुली ऐकून घ्या.

आम्ही या धर्मग्रामात नवीनच आलो होतो. बालवर्गाच्या सिस्टरांनी पावडरचे रिकामे डबे, नारळाच्या करवंट्या, बांबूची पेरे गोळा करून त्यांत धान्य व खडे भरले, आणि मुलांच्या हाती दिले. वर्गाची खिडकी आमच्या कार्यालयास लागून आहे. आम्ही रविवारचा उपदेश लिहीत बसलो होतो. पंचवीस मुलांनी एकदम पंचवीस खुळखुळे हलविले म्हणजे काय होते, ते तुम्हीच कल्पना करा. सेमिनरीत आमचे कान ग्रेगोरियन गायनावर आणि पेटीच्या संथ सुरांवर घडले होते. आम्ही उठलो, "हा गलबला आहे, संगीत नव्हे," असे म्हणालो, आणि खुळखुळ्यांची टोपली आणवून आमच्या कपाटात कुलूपबंद केली. सिस्टर काही बोलल्या नाहीत.

त्या वर्गात चार वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्या घरची भाषा तेलुगू; वडील यंत्रमागावर कामास. जून महिन्यापासून तो वर्गात एक शब्दही बोलला नव्हता. मराठी त्यास समजत नव्हते, आणि इतर मुले आपणांस हसतील ही भीती त्याच्या मनात बसली होती. टोपली कुलपात गेल्यावर चौथ्या दिवशी आम्ही कार्यालयात आलो, तो हे मूल कपाटासमोर उभे. उजव्या हाताची मूठ वळलेली, आणि तो ती हलवीत होता: दोनदा हलवी आणि थांबे, पुन्हा दोनदा हलवी आणि थांबे. मुठीत काहीच नव्हते. आम्ही सिस्टरांस बोलावून विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "फादर, तो वर्गात एवढेच करीत असे. इतर मुले गात, आणि तो त्यांच्या बरोबर वाजवी. एवढ्यातच काय तो तो सामील होत असे."

आम्ही कपाट उघडले. त्या दिवसापासून आम्ही या विषयाचा अभ्यास करू लागलो, आणि आज तुम्हांपुढे बोलण्याचे धैर्य त्यातूनच आले आहे.

खुळखुळा ही वस्तू क्षुद्र नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत: तत, अवनद्ध, घन आणि सुषिर. तार, कातडे किंवा फुंकर यांवाचून जे स्वतःच्या अंगाने वाजते ते घनवाद्य. टाळ, झांज, घुंगरू त्यात येतात, आणि आपला खुळखुळाही त्यांचाच धाकटा भाऊ होय. मोहेंजोदडो व हडप्पा येथील उत्खननांत भाजलेल्या मातीचे पोकळ खुळखुळे सापडले आहेत; म्हणजे चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या आईनेही आपल्या लेकरास हेच दिले होते. पवित्र शास्त्रात पाहू गेल्यास, दावीद राजाने कराराचा कोश मिरवीत आणिला त्या प्रसंगीच्या वाद्यांत, शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात, वीणा व झांजांच्या पंगतीस एक हलवून वाजविण्याचे वाद्य सांगितले आहे. निर्गमाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात तर अहरोन याजकाच्या झग्याच्या काठास सोन्याची घुंगरे लावण्याची आज्ञा आहे. याजकाच्या वस्त्रासच जेथे घुंगरू लागले, तेथे बालकाच्या हातातील खुळखुळ्यास आम्ही गलबला म्हटले!

आपल्या जिल्ह्यात तर हे सांगणेही नलगे. आषाढात पंढरीच्या वाटेवर हजारो टाळ एका ठेक्यात वाजतात. तेथे वाजविणाऱ्यास स्वर येतो की नाही, हे कोणी विचारीत नाही. ज्यास गळा नाही त्याच्या हाती टाळ असतो, आणि तो दिंडीत इतरांइतकाच चालतो. शाळेशाळेतून लेझीम खेळतात, तेथेही तेच तत्त्व आहे.

आता शिक्षणशास्त्राकडे वळू. मारिया मॉन्टेसरी या इटालियन विदुषी स्वतः कॅथोलिक होत्या. त्या १९३९ साली भारतात आल्या आणि युद्धकाळ त्यांनी येथेच, मद्रास व कोडाईकनाल येथे काढिला. त्यांच्या साधनांत ध्वनीच्या नळकांड्यांच्या दोन पेट्या असतात. प्रत्येकीत सहा नळकांडी, बाहेरून सगळी सारखी, आत मात्र भरण वेगवेगळे. मूल एक नळकांडे कानाशी हलविते आणि दुसऱ्या पेटीतून त्याचे जोडीदार शोधून काढते. पाहून काहीच कळत नाही, ऐकावेच लागते. आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे, आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह गरिबांच्या मुलांसाठी बालशिक्षणाचे कार्य केले. परदेशी महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हेत, हे ओळखून त्यांनी परिसरात फुकट मिळणाऱ्या बिया, शंख, पाने, खडे यांतून साधने उभी केली. तिकडे जर्मनीत कार्ल ऑर्फ या संगीतकाराने १९२४ पासून म्युनिक येथे एका शाळेत हालचाल व संगीत यांची सांगड घातली, आणि पुढे मुलांसाठी जी पद्धती रचिली तीत बोलणे, टाळी, चालणे आणि साधी आघातवाद्ये यांपासून आरंभ केला. भारत सरकारने २०२२ साली तीन ते आठ वर्षांच्या बालकांसाठी जो पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा काढिला, त्यातही खेळ, गाणी व खेळणी यांस शिक्षणाचे साधन मानिले आहे. तेव्हा ही आमच्या सिस्टरांची लहर आहे, असा समज कोणी करून घेऊ नये.

परंतु, बंधुभगिनींनो, थोरांची नावे घेतल्याने त्या पित्याच्या प्रश्नाचे उत्तर होत नाही. मूल पाळण्यात खुळखुळा हलविण्यास शिकते, हे खरे. शाळेत ते काय अधिक शिकते? आम्ही कित्येक दिवस वर्गात मागे बसून पाहिले, आणि आमचे उत्तर असे आहे: शाळेत मूल खुळखुळा थांबविण्यास शिकते.

ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. हात थांबला तरी आतील दाणे क्षणभर घरंगळत राहतात. नाद स्वच्छ हवा असेल तर मनगट नेमक्या जागी रोखावे लागते. तीन वर्षांच्या मुलास हे साधत नाही; चौथ्या-पाचव्या वर्षी हळूहळू साधते. म्हणून सिस्टर पहिल्या दिवशी ताल शिकवीत नाहीत. त्या हात वर करितात, मुले वाजवितात. हात खाली येतो, मुले थांबतात. पहिल्या आठवड्यात निम्मी मुले थांबत नाहीत. तिसऱ्या आठवड्यात हात खाली येतो आणि वर्गात अशी शांतता पसरते की, बाहेरच्या रिक्षाचा आवाज ऐकू येतो. ही शांतता धाक दाखवून आणिलेली नसते. मुलांनी ती स्वतःच्या हातांनी केलेली असते.

त्यानंतर हळू व मोठा हा भेद येतो: पाऊस लांब आहे, पाऊस जवळ आला, पाऊस ओसरला. मग चालणे येते, एका पावलास एक नाद. येथे सिस्टरांनी आम्हांस एक मर्म सांगितले. लहान मुलाची स्वाभाविक गती आपल्याहून जलद असते. मोठ्यांच्या संथ ठेक्यावर त्यास ओढू गेल्यास ते चुकते आणि हिरमुसते. म्हणून आधी शिक्षकाने मुलाच्या गतीस यावे, मग मुलास आपल्या गतीस आणावे. हे ऐकून, उपदेश करणाऱ्या आम्हां धर्मगुरूंनाही येथे काही शिकण्यासारखे आहे, असे आम्हांस वाटले. पाचव्या वर्षाच्या सुमारास मुले दोन गट करून खेळतात. एक गट वाजवितो तेव्हा दुसरा ऐकतो. आठ मात्रांचा केरवा व सहा मात्रांचा दादरा हे त्यापुढचे पाऊल. आपली पाळी येईपर्यंत वाट पाहणे हा त्यातला मुख्य धडा, आणि तो कोणत्याही पाटीवर गिरविता येत नाही.

याच खेळात आणखी एक लाभ आम्ही पाहिला. जोड्या लावण्याच्या खेळात एक मुलगी सतत चुके, आणि पाठीमागून वाजविलेल्या बारीक नादाकडे वळत नसे. खुळखुळा म्हणजे काही वैद्यकीय परीक्षा नव्हे. पण सिस्टरांस शंका आली, त्यांनी आईस सांगितले, आणि डॉक्टरांकडे नेल्यावर कानाचा दोष निघाला. तोवर घरची मंडळी तिला हट्टी समजत होती.

आता साधनांविषयी व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो, कारण आमची विनंती तुमच्या घरापर्यंत जाणार आहे. डबा चतुर्थांशाहून फार अधिक भरू नये; दाण्यांस हलावयास जागा नसेल तर नाद मरतो. राजगिरा किंवा बारीक वाळू घातल्यास सरसर असा मऊ आवाज येतो, ज्वारीचा त्याहून भरीव, आणि हरभऱ्याचा टणक. तेच धान्य पत्र्याच्या डब्यात कर्कश, करवंटीत गोड, बांबूत खोल वाजते. उन्हाळ्यात गुलमोहराच्या व शिरीषाच्या वाळलेल्या शेंगा झाडाखाली मिळतात. त्यांत तर ईश्वराने दाणे आधीच भरून ठेविले आहेत.

मात्र एक इशारा आम्ही गंभीरपणे देतो, कारण त्याची किंमत आम्ही मोजली आहे. टोपली कपाटातून बाहेर आल्यावर दुसऱ्याच वर्षी एका डब्याचे झाकण निसटले, तूर भुईवर सांडली, आणि एका बालिकेने एक दाणा नाकात घातला. तिला तातडीने डॉक्टरांकडे न्यावे लागले. दाणा निघाला, मूल सुखरूप राहिले. पण तिच्या आईच्या डोळ्यांतील राग आम्ही विसरलो नाही, आणि तो राग योग्य होता. दोष मुलीचा नव्हे, डबे न तपासणाऱ्या आमचा होता. तेव्हापासून प्रत्येक झाकण डिंकाने चिकटवून त्यावर जुन्या चादरीची पट्टी घट्ट शिवली जाते, आणि वर्गापूर्वी प्रत्येक खुळखुळा मोठ्या माणसाच्या हाताने ओढून पाहिला जातो. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती घरी केलेला खुळखुळा नजरेआड कधीही देऊ नये. गुंजांच्या लाल-काळ्या बिया दिसावयास मोहक, पण अत्यंत विषारी. एरंडाच्या बियाही तशाच. त्या वर्गात आणू नयेत, घरीही भरू नयेत. पिवळ्या फुलांचे जे झुडूप खुळखुळा या नावानेच ओळखले जाते, त्याच्या अनेक जातींच्या बिया विषारी असतात; त्याची शेंग मोठ्यांनी हातात धरून मुलांस ऐकवावी, एवढेच.

आता काही वडीलधाऱ्यांच्या मनातील शंका. हा खुळखुळा बालकांच्या मिस्सेत आणणे योग्य आहे काय? पोप दहावे पायस यांनी १९०३ साली मंदिरातील संगीताविषयी जो आदेश काढिला, त्यात ढोल, झांजा व तत्सम गोंगाटी वाद्यांस मनाई केली होती, हे आम्हांस ठाऊक आहे. टोपली कुलपात घालिताना आम्ही मनातल्या मनात त्याचाच आधार घेतला होता. परंतु आम्ही तेथेच थांबलो, ही आमची चूक. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीच्या घटनेत, पाइप ऑर्गनचा मान राखून, इतर वाद्यांसही अधिकाऱ्यांच्या संमतीने मोकळीक दिली. अट इतकीच की, ती पवित्र कार्यास योग्य असावीत, मंदिराच्या प्रतिष्ठेस शोभावीत आणि श्रद्धावंतांच्या उन्नतीस साह्य करावीत. १ नोव्हेंबर १९७३ रोजी बालकांच्या मिस्सेविषयी रोमहून जी मार्गदर्शिका निघाली, तीत बालकांनी स्वतः वाजविलेल्या वाद्यांचे विशेष स्वागत आहे. त्याबरोबरच, वाद्यांनी गायन झाकून जाऊ नये आणि बालकांच्या मिस्सेतही मौनास त्याचे स्थान असावे, असेही सांगितले आहे. वाद्य आणि मौन या दोहोंची शिकवण तेथे एकत्र दिलेली पाहून, आमच्या सिस्टरांचा वर हात आणि खाली हात आम्हांस आठवला.

पवित्र सप्ताहात आपली ख्रिस्तसभा हेच करिते. पवित्र गुरुवारच्या महिमास्तोत्रानंतर घंटा मुक्या होतात, त्या पुनरुत्थानाच्या जागरणापर्यंत. मध्यंतरी पुष्कळ ठिकाणी घंटेऐवजी लाकडी खटखट करणारे वाद्य वाजविण्याची जुनी रीत आहे. काही वर्षांपासून आपल्या बालवर्गातील मुले पवित्र सप्ताहाच्या आरंभी आपले खुळखुळे टोपलीत ठेवितात आणि वरून जांभळे वस्त्र झाकितात. पुनरुत्थानाच्या रविवारी ते वस्त्र निघते. पहिल्या वर्षी एका बालकाने आम्हांस विचारले, "फादर, खुळखुळे मेले का?" आम्ही म्हणालो, "नाही रे बाळा, ते वाट पाहत आहेत." धर्मशिक्षणाच्या तासाला आम्ही पुष्कळ बोललो आहोत; पण त्या मुलास पुनरुत्थानाची वाट पाहणे म्हणजे काय, हे त्या टोपलीने आमच्याहून लवकर शिकविले.

शेवटी आपल्या या शहराविषयी. सोलापुरात एका गल्लीत मराठी, दुसरीत तेलुगू, तिसरीत कन्नड, चौथीत उर्दू ऐकू येते. आपल्या बालवर्गातही पहिल्या दिवशी या चारही भाषांत रडणे ऐकू येते. इंग्रजी अक्षरे मुलांस यावीत, याविषयी आमचे दुमत नाही. ती येतील, त्यांस वेळ ठेविलेला आहे. परंतु ज्या मुलास अजून वर्गाची भाषाच आली नाही, त्याच्या हाती पहिल्या महिन्यात काय द्यावे? अक्षर त्यास परके, गाण्याचे शब्द परके, शेजारचे मूलही परके. खुळखुळा मात्र परका नाही. तो हाती आला की मूल इतरांबरोबर असते. मग शब्द मागून येतात.

तो तेलुगू मुलगा कसा आहे, असे तुम्ही विचाराल. पावसाळ्याच्या अखेरीस एके दिवशी सिस्टरांचा हात खाली यावयास उशीर झाला. मुले वाजवीतच राहिली, आणि मागून एक बारीक आवाज आला, "थांबा!" तो त्याचा वर्गातील पहिला मराठी शब्द. तो आता वरच्या वर्गात आहे, आणि शिक्षक तक्रार करितात की, फार बोलतो.

तेव्हा त्या पित्यास आमचे उत्तर हे. डबा हलविण्यास शाळा नको, हे तुमचे म्हणणे खरे. पण इतरांबरोबर हलविण्यास आणि इतरांसाठी थांबण्यास सोबती लागतात, आणि ते सोबती घरच्या पाळण्यात नसतात. संगीताचा अर्धा तास ठेवावा की काढावा, हे आम्ही आमच्या अधिकाराने ठरविणार नाही. एकदा कुलूप लावून आम्ही शिकलो आहो. तुम्ही एक दिवस वर्गात येऊन मागे बसावे, सिस्टरांचा हात खाली आल्यावर होणारी शांतता ऐकावी, आणि मग पुढील सभेत मत द्यावे. येताना घरातला एक रिकामा डबा आणि मूठभर ज्वारी घेऊन या. झाकण चिकटविण्यास आम्ही स्वतः बसणार आहोत.

या पन्नास वर्षांत ज्यांनी ज्यांनी या धर्मग्रामाच्या मुलांसाठी हात झिजविले, त्या सर्वांस प्रभू आशीर्वाद देवो, आणि आपल्या लेकरांचे हात त्याच्या स्तुतीस सदैव तत्पर राहोत.